मेलुकोट्याची वाट

म्हैसूरहून निघून श्रीरंगपट्टण मागे पडले की कालव्यांवर पोसलेली भाताची आणि उसाची शेते पांडवपुरापर्यंत सोबत करतात. पुढे वाट थोडी वाकडी केली की तोण्णूरचा विशाल तलाव दिसतो. हाच आपल्या इतिहासातला मोती तलाव. मार्च १७७१ मध्ये याच परिसरात, चिनकुरळीजवळ, त्रिंबकरावमामा पेठे यांनी हैदरअलीच्या फौजेची दाणादाण उडवली. शाळेत असताना हा विजय आम्ही मोठ्या अभिमानाने पाठ केला होता.

त्यापुढचे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते. विजयी सैन्याने डोंगरावरचे मेलुकोटे लुटले. बाराव्या शतकात रामानुजाचार्यांच्या वास्तव्याने पावन झालेले हे क्षेत्र! लोखंडी पट्ट्यांसाठी देवाचे प्रचंड लाकडी रथ पेटवले गेले आणि ती आग देवालयांपर्यंत पोचली.

चार उंच खांबांचे रायगोपुर पाहून प्रथम मनात चर्र झाले. पण तो आपला प्रताप नव्हे. ते बांधकाम मुळातच अपुरे राहिलेले आहे.

उतरताना पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, घेतला. द्रोण हाती देत दुकानदाराने गाव विचारले. सांगितले, पण जरा हळूच.