मस्टरवर नाव नसलेले वादक

चाकणच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्या बसमध्ये तरुण पोरे कानांत वायरी खुपसून बसलेली असतात. ती काय ऐकतात, याची चौकशी आम्ही एकदा केली. एकाने आपली वायर काढून आमच्या कानात घातली. केंड्रिक लामार नावाच्या अमेरिकन निग्रो कवीची, खरे म्हणजे रॅपवाल्याची, २०१५ साली निघालेली 'टू पिंप अ बटरफ्लाय' ही गीतमाला वाजत होती. तो गात नव्हता; ठेक्यावर भरभर बोलत होता, आमच्याकडचा शाहीर कटाव म्हणतो तसा. मागे मात्र जाझचा सॅक्सोफोन घुमत होता, खाली फंकचा जाड बास चालला होता आणि मध्येच सोल गाण्यातला आर्त गळा येत होता. कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, रॉबर्ट ग्लॅस्पर असे जाझमध्ये मुरलेले वादक त्यात आहेत, फंकचा म्हातारा गुरू जॉर्ज क्लिंटन आहे, आणि सोलचा रोनाल्ड आयझ्लीही आहे.

ही कसली खिचडी, असे आमच्या पिढीतले लोक विचारतात. आम्हाला प्रश्न निराळा पडतो. खिचडी शिजवतो कोण, आणि ती शिजवणाऱ्याला मजुरी काय मिळते? याचे उत्तर शोधायला अमेरिकेला जाण्याआधी खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईला गेले तरी चालेल.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी या निग्रो वादकाचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवाला आला. तो पुढे १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. ताजच्या त्या दालनात साहेब, संस्थानिक आणि शेठ नाचत. परंतु या परदेशी वादकांच्या शेजारी बसून ती विद्या उचलली ती गोव्याच्या पोरांनी. ही पोरे पोर्तुगिजांच्या राज्यात जन्मलेली. तिथे चर्चच्या शाळेत मुलाला स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. शेती तुटपुंजी, उद्योग नाही, म्हणून गावोगावचे तरुण मुंबई गाठीत आणि धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडी'त पथारी टाकीत. गिरणगावात कोकणातल्या माणसांच्या गावकीच्या खोल्या होत्या, तसाच हा प्रकार. चाकणला आज एका खोलीत आठ जण पाळीपाळीने झोपतात, त्यांना ही कूड काय असेल हे समजावून सांगावे लागणार नाही.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यातलाच एक. लुई आर्मस्ट्राँगसारखा ट्रंपेट वाजवी म्हणून तो 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला. पण १९४७ साली साहेब गेला, आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पुरी दारूबंदी आली. आम्ही दारूबंदीच्या विरुद्ध बोलत नाही. मजुराच्या घरातल्या बाईला विचारा, ती सांगेल. परंतु हॉटेलांतल्या वादकाच्या पोटावर त्या कायद्याने पाय आला, हेही खरे. तोपर्यंत दादर, ताडदेव, महालक्ष्मी भागांत चित्रपटांचे स्टुडिओ जोरात चालू होते. गोव्याचे वादक दिवसा तिकडे वळले. ज्यांना रात्रीचे काम उरले होते ते दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात राबू लागले.

तिथे त्यांची गाठ पडली नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या एका माणसाशी. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. जन्म १९१८चा. हा मनुष्य शास्त्रोक्त गाणे शिकलेला, पण कान उघडे ठेवलेला. १९४७ सालच्या 'शहनाई'त त्याने पाश्चात्त्य ठेका उडवून दिला, आणि १९५१ साली 'अलबेला' आला. 'अलबेला' काढणारा भगवान पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी करून वर आलेला. त्याचा नाच म्हणजे गणपतीपुढच्या मिरवणुकीत कामगार जसा नाचतो तसा, दोन पावले आणि खांद्यांची हालचाल. सुरावट रामचंद्रांची, वाद्ये गोवेकरांची, नाच गिरणगावचा! चिक चॉकलेट रामचंद्रांचा साहाय्यक होता आणि 'अलबेला'च्या पडद्यावर तो आपल्या ताफ्यासह दिसतोही. १९५७ सालच्या 'आशा'मधल्या 'ईना मीना डीका' या गाण्यात तर अर्थहीन बोलांच्या गर्दीत कोकणी शब्दही घुसून बसले आहेत. ते कोठून आले हे सांगायला नको.

हे काम प्रत्यक्ष कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. ती चाल ऐकून संयोजक कागदावर उतरवी आणि मग कोणत्या वाद्याने कोठे शिरायचे, व्हायोलिनांनी खाली कोणता स्वर धरायचा, ट्रंपेटने कोठे टोकायचे, हे सारे रातोरात लिहून काढी. आपल्या संगीतात एका वेळी एक स्वर. अनेक स्वरांचा मेळ त्यात नाही. तो मेळ या कागदावर तयार होई. सकाळी पन्नास वादकांसमोर पन्नास कागद. सगळ्यांनी एकदम वाजवायचे, एकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मजुरी पाळीवर. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षे हे काम केले. १९६८ साली याच मंडळींनी 'रागा जाझ स्टाइल' नावाची तबकडी काढली. त्यात सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. नावे मुद्दाम वाचून दाखवली. कारण अशी नावे वाचून दाखवण्याची पाळी क्वचित येते. चित्रपटाच्या तबकडीवर गायक असे, कवी असे, संगीतकार असे. पन्नास कागद लिहिणारा बहुधा नसेच.

आता डेट्रॉइटकडे येऊ. ते गाव आपल्यासारखेच, मोटारींचे. तेथील बेरी गॉर्डी हा निग्रो तरुण फोर्डच्या कारखान्यात जोडणीच्या पट्ट्यावर काम करीत होता. एका टोकाला नुसता सांगाडा आत जातो आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत गाडी बाहेर पडते. माणसांचे गायक असेच का घडवू नयेत, असे त्याला वाटले. १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने जी कंपनी काढली तीच पुढची 'मोटाऊन', सोल संगीताची जगप्रसिद्ध पेढी. त्याच्या बहुतेक गाण्यांमागे एकच ताफा वाजवी. हे सारे डेट्रॉइटच्या क्लबांत रात्री जाझ वाजवणारे लोक. जेम्स जेमरसन हा त्यांचा बासवाला. सोल गाण्याच्या पोटात जाझ शिरला तो या रोजंदारीच्या बोटांतून. तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावे आली ती १९७१ साली, मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. पुढच्या वर्षी कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजलिसला हलवला. वादक सकाळी कामावर आले तेव्हा दारावर काम नसल्याची नोटीस होती. पिंपरी-भोसरीत ज्यांनी असे फाटक पाहिले आहे, त्यांना ती सकाळ डोळ्यांपुढे उभी राहील.

फंकची गोष्ट याहून तिखट. क्लाइड स्टबलफील्ड हा चॅटनूगा गावचा. लहानपणी कारखान्यांच्या धडधडीतून आणि आगगाडीच्या खडखडाटातून त्याने ठेका उचलला. आमचे किती तरी सोबती प्रेसच्या ठोक्यावर गाणे गुणगुणतात, त्यांतलाच हा मासला. जेम्स ब्राउनच्या १९७० सालच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यात त्याने एकट्याने काही क्षण वाजवले. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वस्तीत कूल हर्क याने दोन तबकड्या लावून असे केवळ ठेक्याचे तुकडे लांबवायला सुरुवात केली. हिप-हॉपचा जन्म तो. पुढे यंत्रे आली आणि स्टबलफील्डचे ते काही क्षण हजाराहून अधिक गाण्यांत कापून चिकटवले गेले. गाणे ब्राउनच्या नावावर. स्टबलफील्ड २०१७ साली वारला. स्वामित्वधनात त्याचा वाटा नव्हता.

लढून काही मिळतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकन वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो याच्या पुढारीपणाखाली ध्वनिमुद्रणाचा संप पुकारला. महायुद्ध चालू, वर्तमानपत्रांचा शिव्याशाप, तरी तो दोन वर्षांहून अधिक चालला. १९४४च्या नोव्हेंबरपर्यंत बड्या कंपन्या एकेक करून नमल्या आणि विकल्या जाणाऱ्या तबकडीमागे ठराविक रक्कम बेकार वादकांच्या निधीत टाकू लागल्या. त्याच संघटनेत अनेक शहरांत निग्रो वादकांची शाखा वेगळी बसवलेली होती, हे कबूल करायला हवे.

आणि आमचेही एक कबूल करायला हवे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशा, पोवाडा आणि संपाची हाक त्यांनी एका फडात आणली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आम्हा मंडळींनी ट्रंपेटला 'हॉटेलातले संगीत' म्हणून नाक मुरडले. दोन वर्षांपूर्वी द्वारसभेत एका कंत्राटी मुलाने आपल्या पगारपत्रकावर रॅप म्हणण्याची परवानगी मागितली, तेव्हा वेळ नाही असे आम्हीच सांगितले. वेळ होता.

आपल्याकडे १९५७च्या स्वामित्व कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन वादकाला 'कलावंत' म्हणून प्रथम हक्क मिळाला. मे २०१२ मध्ये दुसरी दुरुस्ती झाली. कवी, संगीतकार यांचा स्वामित्वधनातला वाटा कोणी लिहून घेऊ शकणार नाही असे ठरले, आणि कलावंतालाही धंदेवाईक वापराबद्दल वाटा सांगितला. पन्नास कागद लिहिणाऱ्या संयोजकाचे नाव घेऊन मात्र त्यात काही दिलेले नाही.

माजोर्ड्याचे आंतोनियो गोन्साल्विस हे असेच एक व्हायोलिनवादक आणि संयोजक. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी देशी राग आणि पाश्चात्त्य वाद्ये एकत्र बसवणारा मोठा वाद्यवृंद मुंबईत उभारला आणि १९६५ साली ते अमेरिकेला शिकायला गेले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालांनी गुरूचे नाव गाण्यात घातले. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभच्या तोंडी ते साऱ्या देशाने ऐकले, लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांनी वाजवले. त्या नावाचा खरा माणूस गोव्यात आपल्या घरी राहतो आहे, हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. तो जानेवारी २०१२ मध्ये वारला, त्या दुरुस्तीच्या चार महिने आधी.