अदृश्य दोर

संक्रांतीच्या सुमारास गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलांकडे पाहावे. एकाच्या हातात दोर असतो आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या धाकट्या भावाच्या हातात फिरकी. आकाशात पतंग एकच दिसतो. परंतु त्याला दोघांचे हात लागतात. बिनतारी लहरींच्या आज्ञेने उडणाऱ्या छोट्या विमानांचा इतिहासही असाच आहे. तेथे दोर तेवढा दिसत नाही.

या इतिहासाचा आरंभ बिनतारी विद्येच्याही आधी, अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८७८ साली बिशप मिल्टन राइट यांनी प्रवासाहून परतताना दोघा मुलांसाठी एक खेळणे आणले. बांबू, बूच आणि कागद यांचे ते यंत्र पिळलेल्या रबराच्या जोरावर थेट छतास जाऊन भिडे. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने काढलेल्या नमुन्यावर ते बेतलेले होते. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा होता व ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणे लवकरच मोडले. मुलांनी तसेच दुसरे केले. मग त्याहून मोठे केले. पण आकार वाढवावा तसतसे ते उडेनासे झाले! लांबीरुंदी दुप्पट केली, तर शक्ती दुपटीने नव्हे, सुमारे आठपटीने वाढवावी लागते, हे त्या वयात कोणास उमगावे? तरीही हात चालत राहिले, कारण त्या हातांना वळण होते. त्यांची आई सुझन ही गाड्या बनवणाऱ्या कारागिराची कन्या. मुलांची खेळणी ती स्वतः घडवी. आजोबांचे कसब, आईची शिकवण आणि वडिलांची भेट अशी ही पुंजी घेऊन दोघे भाऊ वाढले, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी मनुष्यास यंत्राच्या साहाय्याने आकाशात नेले.

दूर अंतरावरून यंत्रास आज्ञा देण्याची कल्पनाही त्याच काळातली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नाव लोकांसमोर चालवून दाखवली. परंतु नाव पाण्यावर थांबू शकते, विमानास थांबता येत नाही. आणि नावेत जड विद्युत्घट ठेवता येतात, विमानास प्रत्येक तोळ्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून पुढची पायरी चढण्यास चार दशके गेली.

ती चढले मिशिगन संस्थानातील कॅलामझू गावचे जुळे भाऊ वॉल्टर व विल्यम गुड. वॉल्टरला छोटी विमाने बांधण्याचा नाद, तर विल्यमला हौशी बिनतारी यंत्रांचा. एकापाशी पंख होते, दुसऱ्यापाशी लहरी. १९३७ साली त्यांचे ‘गफ’ नावाचे विमान उडाले. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे आठ फूट होता. त्या काळच्या अशा विमानांतील योजना मोठी गमतीची असे. जमिनीवरून संदेश येताच विद्युच्चुंबक एक अटक सोडी. पिळलेल्या रबराने चक्र एक टप्पा फिरे आणि त्यासरशी शेपटीवरचे सुकाणू वळे. डावीकडे, सरळ, उजवीकडे, पुन्हा सरळ, असा क्रम ठरलेला. उडवणाऱ्याने टप्पा मोजण्यात चूक केली, की विमान भलतीकडेच वळायचे. बिशप राइट यांच्या खेळण्यातले पिळलेले रबर येथे पुन्हा कामास आले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९३८ साली गुड बंधूंनी अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे महायुद्ध आले आणि तेथील सरकारने हौशी बिनतारी प्रक्षेपण बंद केले. तो अदृश्य दोर काही वर्षे तुटला. युद्ध संपल्यावर बंदी उठली. १९४७ साली ‘गफ’ पुन्हा स्पर्धेत उतरले आणि पुन्हा जिंकले. १९६० साली ते स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात दाखल झाले.

या छंदाचा सर्वांत दूरचा पल्ला गाठला तो मात्र एका वृद्धाने. मेनार्ड हिल यांची दृष्टी वार्धक्यात जवळजवळ गेली होती. त्यांच्या आधीच्या विमानांना अटलांटिक महासागराचा पैलतीर लाभला नव्हता. ९ ऑगस्ट २००३ रोजी, ७७ व्या वर्षी, त्यांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर उभे राहून आणखी एक विमान स्वतःच्या हाताने हवेत सोडले. बाल्सा लाकडाच्या त्या विमानाचे वजन इंधनासह ११ पौंडांच्या आत होते. समुद्रावर त्याचे ते स्वयंचलित यंत्रणेने मार्ग काढीत गेले. सुमारे ३९ तासांनी, १,८८० मैलांच्या प्रवासानंतर, ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर दिसू लागले. तेथे वाट पाहणाऱ्या सहकाऱ्याने सूत्रे हाती घेतली व ते सुखरूप उतरवले. ज्याच्या शेतावर हिल व त्यांचे स्नेही विमाने उडवीत, त्या शेतकऱ्याचेच नाव हिल यांनी या विमानास दिले होते.

स्वतःचे नाव त्यांनी दिले नाही, यात आश्चर्य कसले? आकाशात उडते ते एकच विमान; पण शेत देणारा, खेळणे आणणारा, हत्यार धरण्यास शिकवणारा, पैलतीरावर उभा राहणारा, असे कितीतरी हात त्याच्या पाठीशी असतात. गच्चीवर पतंग बदवणाऱ्यावर सर्वांची नजर खिळलेली असते. मागे फिरकी धरून उभ्या असलेल्या मुलालाही पुढच्या वर्षी दोर हाती घ्यावयाचा असतो, आणि तोवर तो पाहता पाहता सारे शिकून घेत असतो.