जंतूंचे विष आणि शरीराचा पहारा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान करणारे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे मूळचे बार्देशातील हडफडे गावचे. प्लेगचा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तो शरीराच्या पहाऱ्याला कसा चकवतो, याचा उलगडा मात्र शतकानंतर झाला.

प्लेग, विषमज्वर, पटकी यांच्या जंतूंच्या बाह्य आवरणात मेद व शर्करा यांनी बनलेले एक विष असते. रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये त्याला ‘एंडोटॉक्सिन’, म्हणजे अंतर्विष, असे नाव दिले. आपल्या पांढऱ्या पेशींवरील ‘टीएलआर-४’ हे प्रथिन ते ओळखते. ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये ही बाब उघड केली. २०११ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

विषाची ओळख पटताच पेशी ‘टीएनएफ’सारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यामुळे ताप चढतो आणि अन्य रक्षक पेशी धावून येतात. हाच प्रतिसाद अनावर झाला, तर रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि अवयव निकामी होऊ लागतात. या अवस्थेला ‘सेप्टिक शॉक’ म्हणतात.

मग हे प्रथिनच बंद केले तर? ज्या उंदरांत ते सदोष होते, ते अंतर्विषाने मेले नाहीत. पण जिवंत साल्मोनेला जंतूंना सहज बळी पडले. हे प्रथिन रोखणाऱ्या ‘एरिटोरॅन’ या औषधाची सेप्सिसच्या सुमारे दोन हजार रुग्णांवर चाचणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण त्याने घटले नाही.

प्लेगचा जंतू याच पहाऱ्याला फसवतो. पिसवेच्या थंड शरीरात त्याच्या विषाच्या मेदभागाला सहा शृंखला असतात. माणसाच्या ३७ अंश तापमानात प्रामुख्याने चारच उरतात. अशा विषाची दखल टीएलआर-४ नीट घेत नाही. पहारा जागा होईपर्यंत जंतू अफाट वाढलेले असतात. प्रयोगशाळेत ३७ अंशांवरही सहा शृंखला घडवणारा जंतू तयार करण्यात आला, तेव्हा उंदरांच्या शरीराने त्याचा बंदोबस्त केला.

थोडक्यात, पहारा अपुरा पडला तर जंतू माजतात आणि अतिरेकी झाला तर शरीरच होरपळते. म्हणूनच हुडहुडी भरून आलेल्या तापासोबत धाप, गोंधळलेपण किंवा लघवी कमी होणे दिसल्यास रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. सेप्सिसवर प्रतिजैविके जितकी लवकर सुरू होतील, तितकी जगण्याची शक्यता वाढते.