क्ष-किरणांत न दिसणारी जखम

१९४६ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता, हातापायांची हाडे मोडलेली होती. पण अपघाताची नोंद कुठेच नव्हती. ‘हे घरच्यांनीच केले’ असे स्पष्ट म्हणायला वैद्यकाला आणखी सोळा वर्षे लागली. १९६२ मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केंप यांनी सहकाऱ्यांसह तो निबंध लिहिला आणि कायदे बदलू लागले.

पण ज्या मुलाला कोणी बोटही लावत नाही, जे फक्त आईला मार खाताना बघते, त्याचे काय? त्याची हाडे शाबूत असतात. १९७१ साली एरिन पिझी यांनी लंडनच्या चिझिक भागात मार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी आसरा उघडला, तेव्हा आयांबरोबर अशी मुलेही तिथे आली.

१९९८ साली याचे एक मोजमाप प्रसिद्ध झाले. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी सॅन दिएगोतील ९,५०८ प्रौढांना बालपणाविषयी विचारले. साधारण आठातल्या एकाने आईला मारहाण होताना अनुभवले होते. असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात झालेल्यांत नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला. अर्थात, हा संबंध आहे. प्रत्येक मुलाचे भविष्य नव्हे.

२०११ मध्ये लंडनच्या इमन मॅक्रोरी यांच्या गटाने घरातील हिंसा अनुभवलेल्या मुलांना रागीट चेहरे दाखवले. धोक्याची दखल घेणारा मेंदूतील अमिग्डला हा भाग त्यांच्यात अधिक सक्रिय झाला. या मुलांना मानसिक आजार नव्हता. घरात सावध राहणे गरजेचे, म्हणून मेंदू तसा घडतो.

वर्गात मात्र हीच सावधगिरी आड येते. डस्टर पडला की दचकणारा, धक्का लागताच अंगावर धावून जाणारा, पाढे म्हणताना दाराकडे बघणारा मुलगा आपल्याला ‘द्वाड’ किंवा ‘ढ’ वाटतो. आपण वडिलांना चिठ्ठी धाडतो, आणि त्या रात्री घरात काय होते ते आपल्याला कळत नाही. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी त्या मुलाशी एकांतात, शांत आवाजात बोलू या. आईशीही बोलू या. गरज पडल्यास १०९८ हा क्रमांक आहेच.