मुलकी नियम व पैनगंगेची सरहद्द

भूतपूर्व हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरीचा हक्क संस्थानाच्या रहिवाशांपुरता मर्यादित ठेवणाऱ्या नियमांस ‘मुलकी नियम’ म्हणतात. मुल्क म्हणजे देश किंवा प्रांत. तेथील रहिवासी तो मुलकी व बाहेरून आलेला तो गैरमुलकी. मराठीत मुलकी हा शब्द महसुली किंवा लष्करेतर या अर्थानेही रूढ आहे (उदा., मुलकी पाटील, मुलकी प्रशासन), त्या अर्थाचा येथे संबंध नाही. परदेशी माणसाला कामाचा परवाना देताना आजची राष्ट्रे जे प्रश्न विचारतात, तेच प्रश्न हे नियम एका संस्थानाच्या पातळीवर विचारीत होते : अर्जदार कोठला, किती वर्षे येथे राहतो आणि परत जाण्याचा त्याचा विचार आहे काय? सध्याचा हिंगोली जिल्हा संस्थानच्या उत्तर सरहद्दीवर असल्यामुळे या नियमांचा व त्यांच्या परिणामांचा इतिहास तेथे विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. निजामाच्या काळात हिंगोली, कळमनुरी व वसमत हे परभणी जिल्ह्यातील तालुके होते. या भागाच्या उत्तरेस पैनगंगा नदी असून तिच्या पलीकडे वऱ्हाडचा प्रदेश लागतो. दोन्ही तीरांवर भाषा, पीकपाणी व सोयरीकसंबंध एकच. तथापि १८५३ पासून जवळजवळ शंभर वर्षे ही नदी दोन राज्यव्यवस्थांमधील रेषा ठरली. या रेषेचा उगम एका अर्थी हिंगोलीतच शोधावा लागतो. निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक महत्त्वाची छावणी हिंगोली येथे होती. या फौजेचा खर्च थकत गेला व त्याच्या वसुलीसाठी १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविण्यात आला. पुढे मीर महबूब अली खान (कार. १८६९–१९११) यांच्याशी १९०२ मध्ये झालेल्या करारानुसार इंग्रजांनी सालीना २५ लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. पाठोपाठ कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली व हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेपायी सरहद्द निर्माण झाली ती फौज गेली. सरहद्द मात्र राहिली.

कायद्याच्या भाषेत वऱ्हाडवर निजामाचेच सार्वभौमत्व होते व १९३६ च्या करारात त्याचा पुनरुच्चारही झाला. निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, तो याच कराराने. व्यवहारात मात्र नदी ओलांडताच नाणे बदले, टपालाची तिकिटे बदलत, न्यायालय बदले आणि कालगणनाही बदले. अलीकडे निजामाचा हाली सिक्का व फसली सन. पलीकडे कलदार रुपया व इसवी सन. शंभर कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा सरकारी दर होता. संस्थानाची तिकिटे संस्थानाबाहेर चालत नसत.

सरहद्दीवरील सर्वांत जाचक यंत्रणा म्हणजे करोडगिरी. संस्थानच्या जकात खात्यास हे नाव होते. आयात व निर्यात मालावर सामान्यतः किमतीच्या पाच टक्के कर घेतला जाई आणि नाक्यावरील अंमलदार मालाची झडती घेत. हिंगोली ही कापसाची मोठी बाजारपेठ असल्याने तेथील व्यापाऱ्यांना हा कर रोजच्या व्यवहारात भेटे. हिंगोली–वाशीम रस्त्यावर पैनगंगेलगत असलेल्या कनेरगाव नाका या गावाच्या नावातील ‘नाका’ हा शब्द त्या काळाची आठवण देतो. पूर्णेहून निघालेला मीटरमापी लोहमार्ग १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत आला व तेथेच थांबला. अकोला-खांडव्याकडील जोडणी स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. साध्या प्रवाशास मात्र सहसा परवान्याची गरज नसे. औंढा नागनाथच्या दर्शनास किंवा नर्सी येथे नामदेवांच्या गावी येणारा वऱ्हाडी यात्रेकरू अडविला जात नसे. अडवणूक होई ती मालाची आणि राजकारणाची. नोकरीसाठी येणाऱ्याची अडवणूक नाक्यावर नव्हे, तर कचेरीत होत असे.

या अडवणुकीमागे एक जुनी तक्रार होती. दिवाण पहिले सर सालारजंग (१८२९–८३) यांनी कारभाराची आधुनिक घडी बसविताना उत्तर हिंदुस्थानातून व इतर इंग्रजी मुलखांतून शिकलेले अधिकारी आणले. त्यामुळे राज्यातील जुनी घराणी दुखावली व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुलकी-गैरमुलकी हा वाद हैदराबादच्या राजकारणाचा कायमचा विषय बनला. मीर उस्मान अली खान (कार. १९११–४८) यांच्या १९१९ च्या फर्मानाने त्यास निश्चित कायदेशीर रूप आले. हैदराबाद मुलकी सेवा विनियमांच्या ३९ व्या अनुच्छेदानुसार निजामाच्या खास मंजुरीशिवाय कोणत्याही वरिष्ठ वा कनिष्ठ जागेवर गैरमुलकी व्यक्ती नेमता येत नसे. जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला, वास्तव्यामुळे तो दर्जा मिळविलेला, सरकारी नोकरीत पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या पित्याचे अपत्य आणि मुलकी पुरुषाची पत्नी यांना मुलकी मानण्यात येई. वास्तव्याच्या मार्गाने येणाऱ्यास संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम राहिल्याचे दाखवावे लागे; शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे विहित नमुन्यातील शपथपत्र दंडाधिकाऱ्यासमोर करावे लागे. नियमांतील ही शेवटची अट सर्वांत बोलकी आहे. वर्षे मोजता येतात. परतण्याचा विचार सोडला की नाही, हे कोणत्याही कचेरीला मोजता येत नाही. म्हणून त्यासाठी शपथ घेतली जाई.

नियमांच्या शब्दांत धर्म वा भाषा यांचा भेद नव्हता. वसमतच्या शेतकऱ्याचा मुलगा व हैदराबाद शहरातील जहागीरदाराचा मुलगा हे दोघेही सारखेच मुलकी. प्रत्यक्षात या समान हक्काचा उपयोग दोघांना सारखा झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि उस्मानिया विद्यापीठाची (स्था. १९१८) शिक्षणभाषाही तीच ठरली. संस्थानच्या लोकसंख्येत मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश होते. परंतु त्यांच्या भाषेत उच्च शिक्षण नव्हते. बाहेरच्यास रोखणारा नियम आतल्यास आपोआप नोकरी देत नाही, हा अनुभव मराठवाड्याला असा प्रथम आला. मुलकी नियमांना केवळ निजामी पक्षपाताचे साधन ठरविणारे लेखन व त्यांना स्थानिकांचे कवच म्हणून गौरविणारे लेखन, ही दोन्ही या कारणाने अपुरी वाटतात.

राजकीय प्रवेशबंदी हा या व्यवस्थेचा दुसरा भाग होय. संस्थानातील असंतोष ‘बाहेरच्या’ चिथावणीतून उद्भवतो, ही निजाम सरकारची ठरावीक भूमिका असे. सभांना पूर्वपरवानगी आवश्यक करणारी त्रेपन्न क्रमांकाची गश्ती (परिपत्रक) व १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर घातलेली बंदी यांमागे हीच दृष्टी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूर येथे भरलेल्या आर्य परिषदेचे अध्यक्षपद यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांनी भूषविले. त्यानंतरच्या सत्याग्रहात इंग्रजी मुलखातून स्वयंसेवकांच्या तुकड्या सरहद्द ओलांडून संस्थानात येत व तुरुंगात जात. सरहद्द ओलांडणे हेच येथे राजकीय कृत्य ठरले.

१९४७-४८ मध्ये प्रवाहाची दिशा उलटली. १५ ऑगस्ट १९४७ नंतर पैनगंगा ही भारत व भारतात सामील न झालेले हैदराबाद यांमधील सीमा बनली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला, तरी हैदराबाद सरकारने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली व भारतीय चलन व्यवहारातून बाद केले. भारताच्या बाजूनेही मालाची कोंडी झाली. रझाकारांच्या अत्याचारांमुळे गावोगावची कुटुंबे नदीपार वऱ्हाडात गेली. स्टेट काँग्रेसने सरहद्दीलगत भारतीय हद्दीत तळ उभारले होते. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड हा त्यांपैकी एक. तेथून निघणाऱ्या तुकड्यांचे एक नेहमीचे लक्ष्य करोडगिरीचे नाके हे होते. ते साहजिकच होते. सामान्य माणसाला राज्यसत्ता जेथे सर्वाधिक जाचक रीतीने भेटत होती, ती जागा हीच. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने संस्थानचे स्वातंत्र्याचे प्रयत्न संपले व नदीपार गेलेल्यांना परतण्याचा मार्ग मोकळा झाला. करोडगिरी व हाली सिक्का हे मात्र त्यानंतरच्या आर्थिक एकीकरणात टप्प्याटप्प्याने गेले.

एक सरहद्द पुसली जात असताना संस्थानातील काही रहिवाशांपुढे दुसरी उभी राहिली. पोलीस कारवाईच्या आगेमागे संस्थानातून पाकिस्तानात गेलेल्या मुसलमान कुटुंबांना परतताना नव्या कायद्याला तोंड द्यावे लागले. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी जुलै १९४८ पासून परवाना पद्धत लागू झाली होती. संविधानाच्या अनुच्छेद ७ नुसार १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नव्हती. पुनर्वसनाच्या परवान्यावर परत आलेल्यांचा अपवाद होता. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांदरम्यान पारपत्र व प्रवेशपत्र (व्हिसा) यांची पद्धत सुरू झाली. मुलकी असल्याच्या पुराव्याचा येथे काहीच उपयोग नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या संस्थानात राहिलेला माणूसही एका प्रवासामुळे परका ठरू शकत होता.

मुलकी नियम संस्थानाबरोबर संपले नाहीत. लष्करी प्रशासनाने व नंतरच्या सरकारने शेजारील प्रांतांतून अनेक कर्मचारी आणले. त्याविरुद्ध सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात तीव्र आंदोलन होऊन गोळीबारात प्राणहानी झाली. संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार वास्तव्याच्या कारणावरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही आणि वास्तव्याची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेस आहे. तथापि अनुच्छेद ३५ (ख) ने पूर्वीचे असे नियम संसद बदल करीपर्यंत चालू ठेवले. संसदेने १९५७ मध्ये केलेला अधिनियम मार्च १९५९ पासून अमलात आला. त्याने देशभरातील अशा अटी रद्द केल्या. तेलंगणासह मोजक्या प्रदेशांत मात्र त्या तात्पुरत्या ठेवण्यास मुभा दिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलेल्या मराठवाड्याचा त्या सवलतीत समावेश नव्हता.

याचा परिणाम हळूहळू जाणवला. पुणे-मुंबईकडील पदवीधरांशी एकाच यादीत स्पर्धा करावी लागलेल्या मराठवाड्यातील उमेदवारांमागे उर्दू माध्यमाचा वारसा, तुटपुंजी महाविद्यालये आणि कमी उद्योग होते. १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या देण्याचे मान्य केले होते व अनुच्छेद ३७१ (२) मध्येही सेवांतील पुरेशा संधींचा उल्लेख आला. पण करार आणि नेमणुका यांत अंतर राहिले. अशा वेळी ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणात मुलकी नियम अद्याप वैध असल्याचा निर्णय दिला. त्याने आंध्र प्रदेशात मोठे वादळ उठले. मराठवाड्यातही स्थानिकांच्या हक्काची जुनी चर्चा पुन्हा सुरू झाली. १९७३ मध्ये संसदेने हे नियम रद्द केले. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी विकास व नोकऱ्या यांसाठी आंदोलन छेडले. वसमत येथे झालेल्या पोलीस गोळीबारात विद्यार्थी मृत्युमुखी पडले आणि आंदोलन सर्व विभागभर पसरले. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेते त्याच्या मार्गदर्शनासाठी पुढे आले. निजामाविरुद्ध लढलेल्या पिढीला सव्वीस वर्षांनी स्थानिक तरुणांच्या नोकरीच्या हक्कासाठी पुन्हा रस्त्यावर यावे लागले. हा प्रश्न मुळात निजामाच्याच राज्यात प्रथम नियमबद्ध झाला होता.

भूतपूर्व संस्थानच्या तीन भाषिक भागांची पुढील वाटचाल भिन्न आहे. तेलंगणास बत्तिसाव्या संविधान दुरुस्तीने (१९७३) अनुच्छेद ३७१-घ नुसार स्थानिक उमेदवारांसाठी तरतूद मिळाली. कर्नाटकात गेलेल्या भागास अठ्ठ्याण्णवाव्या दुरुस्तीने (२०१२) अनुच्छेद ३७१-ञ लागू झाला. मराठवाड्यासाठी अनुच्छेद ३७१ (२) अन्वये १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले. मात्र जन्म वा वास्तव्य यांवर आधारित नोकरीचा विभागीय हक्क तेथे नाही. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. मुदत तीच असली, तरी ती सर्व राज्यासाठी आहे. परतण्याचा विचार सोडल्याच्या शपथेसारखी अट तीत नाही, आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर ती सारखीच लागू होते.