मोर्स अक्षरप्रेषण

मोर्स अक्षरप्रेषण म्हणजे मोर्स संकेतलिपीतील एकेक अक्षर कळ दाबून हाताने पाठविणे. तारायंत्र आणि बिनतारी संदेशवहन या दोहोंच्या प्रशिक्षणाचा हा पाया होता. आंतरराष्ट्रीय मोर्स लिपी १८६५ साली पॅरिस येथील परिषदेत स्वीकारली गेली.

कालमान

टिंबाचा काळ एक मात्रा धरल्यास रेघ तीन मात्रांची असते. अक्षराच्या पोटातील विराम एका मात्रेचा, दोन अक्षरांमधील तीन मात्रांचा व दोन शब्दांमधील सात मात्रांचा असतो. त्यामुळे नवशिक्याच्या बहुतेक चुका टिंबा-रेघांच्या नसून विरामांच्या असतात. 'सी' (−·−·) पाठविताना मधला विराम लांबला, तर ऐकणाऱ्यास दोन वेळा 'एन' (−·) ऐकू येतो; 'ए' (·−) फुटला तर 'ई' (·) आणि 'टी' (−) उरतात. 'एच'चे (····) चौथे टिंब घाईत गळाले की त्याचा 'एस' (···) होतो. याउलट 'एसओएस' हा आपत्कालीन संकेत मुद्दाम अक्षरांमधील विराम न ठेवता, नऊ चिन्हांचे एकच अक्षर असल्याप्रमाणे पाठवितात.

सराव

साध्या कळीवर काम करताना हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवितात, कळीची मूठ अंगठा व दोन बोटांनी हलकेच धरतात आणि हालचाल मनगटातून करतात. नुसत्या बोटाने टिचक्या मारल्यास टिंबे असमान होतात. अक्षर 'टिंब-रेघ' असे मोजून न पाठविता 'डि-डा' या एकसंध नादाने लक्षात ठेवणे हितावह ठरते. मिनिटाला ५ शब्दांच्या गतीत एक रेघ सुमारे पाऊण सेकंद चालते व शिकणारा नकळत मोजू लागतो. फार्न्सवर्थ पद्धतीत म्हणूनच अक्षर जलद ठेवून केवळ अक्षरांमधील व शब्दांमधील विराम वाढवितात. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांची १९३० च्या दशकातील पद्धत ग्रहणासाठी आहे: पूर्ण गतीने दोनच अक्षरांपासून आरंभ करून, ती पक्की झाल्यावर पुढचे अक्षर जोडले जाते. अक्षराचा नाद आधी कानात बसला, तर हाताला स्वतःची चूक ऐकू येते.

चुकीच्या पकडीने दीर्घकाळ काम करणाऱ्या तारमास्तरांचे हात आखडत. अमेरिकेत या विकारास 'ग्लास आर्म' म्हणत. आपोआप टिंबे देणारी, आडवी हलणारी कळ हॉरेस मार्टिन यांनी १९०४ मध्ये पेटंट केली. रेघा मात्र तिच्यावरही हातानेच द्याव्या लागत.