तीन मिनिटांचा हिशेब

परदेशातल्या माणसाशी स्वस्तात कसं बोलावं, हे गोव्यातल्या घरांना कोणी शिकवावं लागलं नाही. तारवटी तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे. सासष्टी-बार्देसमधून माणसं कुवेत, बहरीनला गेली, तशी पुढे पेडणे-डिचोलीतली मुलंही आखातात गेली. घरी राहिलेल्यांच्या वाट्याला पत्र आणि फोन.

माझ्या पिढीला आठवतो तो १९९०च्या दशकातला पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी बूथ. काचेचं खोकं, आत लाल आकड्यांचं मीटर. अमेरिकेचा दर तेव्हा मिनिटाला साठ-सत्तर रुपयांच्या घरात होता. बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष मीटरवर. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून आणणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या वाड्यावर एक खूणही ठरलेली होती. फोन दोनदा वाजून बंद झाला की समजायचं, पैसे पाठवले. उचलला नाही तर बिल नाही, एवढं साधं अर्थशास्त्र.

पण मंडळी, हा फोन एवढा महाग का होता? अंतर लांब म्हणून, असं आपल्याला वाटायचं. ते पूर्ण खरं नाही.

१९२७ साली लंडन-न्यूयॉर्क रेडिओफोन सुरू झाला तेव्हा तीन मिनिटांना पंधरा पौंड पडत. त्या काळी ते खरोखर अवघड काम होतं. १९५६ साली अटलांटिकच्या तळातून पहिली टेलिफोन केबल गेली, तिच्यावर एका वेळी ३६ संभाषणं होत. १९७१ साली पुण्याजवळ आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं. १९८८ साली अटलांटिकमध्ये काचतंतूची पहिली केबल पडली, तिची क्षमता सुमारे ४०,००० संभाषणांची. म्हणजे एका संभाषणाचा खर्च कोसळला होता. दर मात्र त्या वेगाने उतरले नाहीत.

त्याचं कारण आम्हा कारकुनांना चटकन कळेल असं आहे. ज्या देशातून फोन निघतो तिथली कंपनी ग्राहकाकडून पैसे घेई आणि फोन जिथे पोचतो त्या देशाच्या कंपनीला मिनिटामागे ठरलेला वाटा देई. दोन खात्यांमधली जमा-नावे, दुसरं काय! आपल्याकडे बाहेरून येणारे फोन जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे भारताला येणं मोठं, तेही परकीय चलनात. हा वाटा कमी करायची घाई १९८६ साली स्थापन झालेल्या विदेश संचार निगमाला असायचं कारण नव्हतं. एकच दुकान, भावही त्याचाच.

मग लोकांनी पळवाटा शोधल्या. १९९०च्या सुमारास अमेरिकेत ‘कॉलबॅक’ निघालं. तिकडच्या नंबरला रिंग द्यायची, उचलण्याआधी ठेवायचं. तिथलं यंत्र उलट फोन करी आणि तुम्ही अमेरिकेच्या स्वस्त दराने जगभर बोलत असा. भारतात याला बंदी होती. पण बंदीने तफावत मिटत नाही. १९९७ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने आपल्या कंपन्यांनी परदेशांना द्यायच्या वाट्यावर मर्यादा घातली. गरीब देशांसाठी ती मिनिटाला २३ सेंट होती. त्या धक्क्याने जुना हिशेब मोडू लागला.

१ एप्रिल २००२ रोजी विदेश संचार निगमाची मक्तेदारी संपली आणि त्याच दिवसापासून इंटरनेटवरून परदेशी फोन करायला आपल्याकडे परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातल्या टेलिफोनवर बोलता येई. भारतातल्या टेलिफोनवर मात्र नाही. पुढे २००४ साली स्काइपनेही साध्या फोनवर बोलायची सोय दिली. हेडफोन लावून आपलाच आवाज दुसऱ्यांदा ऐकत मोठ्याने बोलणाऱ्या आया सायबर कॅफेत दिसू लागल्या.

याच काळात घराघरांत एक वाक्य रूढ झालं : “मोबाइलचा नको, घरचा नंबर दे.” त्यामागेही हिशेबच. युरोपात मोबाइलवर आलेल्या कॉलचे पैसे करणाराच देतो आणि तिथल्या मोबाइल कंपन्या कॉल पोचवायचं शुल्क भरपूर घेत. म्हणून लंडनच्या लँडलाइनला जो दर, त्याच्या कितीतरी पट त्याच शहरातल्या मोबाइलला. अमेरिकेत मोबाइलधारक येणाऱ्या कॉलचाही भार उचलतो, त्यामुळे तिकडे हा फरक फारसा नव्हता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. एसटीडी-आयएसडीच्या चढ्या दरातूनच सरकार स्थानिक फोनचं भाडं कमी ठेवत असे. म्हणजे कुवेतमध्ये उन्हात राबणाऱ्या मुलाच्या महागड्या तीन मिनिटांतून त्याच्याच गावातल्या तारांचा थोडाफार खर्च निघत होता. धोरण म्हणून हे समजण्यासारखं आहे. पण आईचा आवाज ऐकण्यावरचा हा कर सगळ्यांत दूर गेलेल्या माणसाने भरला आणि त्याला कोणी विचारलंही नाही. आपण आखातातून आलेल्या पैशाचा हिशेब मांडतो तेव्हा बँकेतल्या रकमा मोजतो. बूथवर आणि कार्डांवर गेलेले पैसे त्यात कुठेच दिसत नाहीत. न बोललेली मिनिटं तर नाहीतच.

आज व्हॉट्सअ‍ॅपमुळे हा प्रश्न बहुतेकांचा मिटला. स्काइपही ५ मे २०२५ रोजी बंद झालं. तरी लिस्बनच्या कचेरीला, लंडनच्या इस्पितळाला किंवा स्मार्टफोन न वापरणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला फोन करायचा झाला तर अजून मिनिटाचा दर पाहावा लागतो. तेव्हा लँडलाइनचा आणि मोबाइलचा दर वेगवेगळा बघा. आणि दर परवडला, तर आत्याशी तीन मिनिटांपेक्षा जास्त बोला.